रस्त्यावरील छायाचित्र आणि समाजाचे व्यक्तिचित्र

१

दर पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की वृत्तपत्रांतून जवळजवळ एकच छायाचित्र किरकोळ फरकाने पुन्हा प्रसिद्ध होते. दरवाजातून उसळणारे पांढरे पाणी, मागे धरणाची भिंत आणि वर ढगांनी भरलेले आकाश. ह्या छायाचित्राचे वृत्त म्हणून असलेले मोल निर्विवाद आहे. भोगावतीत सुटलेले ते पाणी पुढे पंचगंगेला मिळते, आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरील पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे व तेथून ४३ फुटांच्या धोक्याकडे किती सरकली ह्याची चौकशी घरोघर सुरू होते. तथापि त्या चौकटीत राधानगरीचा माणूस क्वचितच असतो. पाणी पाहण्यासाठी दूर उभे राहिलेले लोक, निपाणी-देवगड मार्गाने फोंडा घाटाकडे निघालेल्या मालमोटारी, पावसात अर्धवट उघडी ठेवलेली दुकाने ह्या गोष्टी छायाचित्रकाराच्या दृष्टीस पडलेल्याच असतात. परंतु त्या वृत्ताचा भाग नव्हेत असे मानून त्यांना चौकटीबाहेर ठेवण्यात येते.

ह्या साध्या उदाहरणात एक मूलभूत भेद सामावलेला आहे. घटनेचे छायाचित्र आणि समाजाचे छायाचित्र ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. अशांत काळात, म्हणजे आंदोलन, दंगल, संप किंवा महापूर ह्यांच्या दिवसांत, हा भेद बहुधा विसरला जातो. घटना इतकी ठळक असते की तिचे चित्र म्हणजेच त्या काळाच्या समाजाचे चित्र, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, आणि रस्त्यावर काढलेल्या छायाचित्राला समाजाचे व्यक्तिचित्र असे कोणत्या अर्थाने म्हणता येईल, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

व्यक्तिचित्र ह्या शब्दाचा रूढ अर्थ प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. ज्याचे चित्र काढावयाचे ती व्यक्ती चित्रकारासमोर बसते, आपली बैठक ठरविते, आपण कसे दिसावे ह्याविषयी काही एक इच्छा बाळगते. संस्थानी काळातील दरबारी छायाचित्रे ह्याच प्रकारची होत. समाज मात्र असा कोणासमोर बसत नाही. तो घरात विखुरलेला असतो, कामात गुंतलेला असतो, आणि एकत्र येतो तो बहुतकरून रस्त्यावर. म्हणूनच रस्ता हे समाजाच्या व्यक्तिचित्राचे स्वाभाविक स्थान ठरते. परंतु येथे एक अडचण उद्भवते. समाज मोठ्या संख्येने रस्त्यावर येतो तो काही तरी घडत असते म्हणून. आणि जे घडत असते तेच छायाचित्रकाराचे सारे लक्ष ओढून घेते. ज्या घटनेने समाज दृश्य होतो तीच घटना त्याला झाकूनही टाकते. ह्या पेचातून चांगल्या छायाचित्रकारांनी कोणता मार्ग काढला हे पाहण्यासाठी प्रथम अमेरिकेतील उदाहरण घेणे सोयीचे होईल. कारण ह्या कलाप्रकाराची सर्वांत अधिक चर्चा तेथील छायाचित्रांच्या निमित्ताने झाली आहे.

२

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला रॉबर्ट फ्रँक (१९२४–२०१९) ह्याला १९५५ साली गुगेनहाइम प्रतिष्ठानची अभ्यासवृत्ती मिळाली आणि १९५५ व १९५६ ह्या दोन वर्षांत त्याने मोटारीतून अमेरिकेचा प्रवास केला. हातात मावणारा लायका कॅमेरा घेऊन त्याने सुमारे २७,००० छायाचित्रे घेतली. त्यांतून निवडलेल्या अवघ्या ८३ छायाचित्रांचे पुस्तक १९५८ मध्ये पॅरिस येथे आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले. ‘द अमेरिकन्स’ ह्या पुस्तकाचे स्वागत आरंभी कटू झाले. चित्रे अस्पष्ट आहेत, कलती आहेत, आणि देशाविषयी आकसाने काढलेली आहेत, असे आक्षेप तत्कालीन छायाचित्रविषयक नियतकालिकांतून घेण्यात आले.

ह्या पुस्तकातील पहिलेच छायाचित्र प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. न्यू जर्सीतील होबोकन गावी मिरवणूक चालली आहे. पण चित्रात मिरवणूक नाही. विटांच्या भिंतीतील दोन खिडक्यांत दोन स्त्रिया उभ्या आहेत आणि भिंतीवर लावलेल्या राष्ट्रध्वजाने त्यांपैकी एकीचा चेहरा झाकून टाकला आहे. फ्रँकने घटनेकडे पाठ फिरविली आणि घटनेकडे पाहणाऱ्यांकडे कॅमेरा वळविला. दक्षिण कॅरोलिनातील एका अंत्यविधीच्या चित्रातही हीच रीत दिसते. शव चौकटीबाहेर आहे. दिसतात ती मोटारींना टेकून, आपापल्या विचारात बुडालेली कृष्णवर्णीय माणसे.

ह्या रीतीचा सर्वांत परिणामकारक नमुना म्हणजे १९५५ साली न्यू ऑर्लिअन्समध्ये घेतलेले ट्रामचे चित्र होय. ट्रामच्या खिडक्या एका ओळीत आहेत. पुढे गौरवर्णीय प्रवासी, मध्ये दोन गौरवर्णीय मुले आणि मागे एक कृष्णवर्णीय पुरुष व एक कृष्णवर्णीय स्त्री. येथे काहीही घडत नाही. नेहमीच्या वाटेने जाणारी ती नेहमीची ट्राम आहे. तथापि खिडक्यांच्या उभ्या पट्ट्यांनी त्या समाजाची पायरीपायरीची रचना मांडून ठेवली आहे. त्याच वर्षी १ डिसेंबरला अलाबामातील माँटगोमेरी येथे रोझा पार्क्स ह्यांनी बसमधील आपली जागा सोडण्यास नकार दिला आणि ५ डिसेंबरपासून तेथील प्रसिद्ध बहिष्कार सुरू झाला. फ्रँकच्या चित्रात हे आंदोलन नाही. पण ते का अटळ होते ह्याचे उत्तर आहे.

पुढील दशकात परिस्थिती पालटली. वर्णविरोधी चळवळ आणि व्हिएतनाम युद्ध ह्यांमुळे अमेरिकेचे रस्ते जमावांनी भरून गेले. १९६७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जॉन झारकोव्स्की ह्यांनी डायेन आर्बस, ली फ्रीडलँडर आणि गॅरी विनोग्रँड ह्या तिघांच्या छायाचित्रांचे जे प्रदर्शन भरविले त्यात, जीवन सुधारण्यापेक्षा ते जाणून घेण्याकडे ह्या पिढीचा कल आहे, असे प्रतिपादन होते. त्यांपैकी विनोग्रँडने (१९२८–१९८४) १९६९ पासून मोर्चे, पत्रकार परिषदा आणि सार्वजनिक समारंभ ह्यांची छायाचित्रे घेतली. प्रसारमाध्यमांचा घटनांवर होणारा परिणाम हाच त्याच्या अभ्यासवृत्तीचा विषय होता. १९७७ साली ती ‘पब्लिक रिलेशन्स’ ह्या नावाने मांडण्यात आली. ह्या चित्रांतून घटनेच्या काठावर ध्वनिक्षेपक आणि कॅमेरे ह्यांची दाटी दिसते. लोक केवळ घटना पाहत नाहीत; आपण पाहिले जात आहोत ह्याची त्यांना जाणीव आहे आणि ती जाणीव त्यांच्या हातवाऱ्यांत उतरली आहे. अशांततेलाही आता बैठक घेण्याची सवय जडली, हे विनोग्रँडच्या चित्रांचे खरे निरीक्षण होय.

ह्या दोघांच्या कामावरून एक निकष हाती लागतो. रस्त्यावरील छायाचित्राने समाजाचे दर्शन घडते ते घटना आणि तिच्याकडे पाहणारा माणूस ह्यांच्यामधील रेषेवर. फ्रँकच्या चित्रांत ही रेषा बहुधा खिडकीची असते. विनोग्रँडच्या चित्रांत ती कॅमेऱ्याची असते. रेषा कोणती आहे, ती कोणी आखली आणि ती ओलांडणे कोणाला शक्य आहे, हे ज्या छायाचित्रातून कळते त्याला समाजाचे व्यक्तिचित्र म्हणता येईल.

३

हा निकष महाराष्ट्रातील छायाचित्रांना लावून पाहण्यास मुंबईइतके योग्य क्षेत्र दुसरे नाही. राजकीय घटनांच्या छायाचित्रणाची परंपरा येथे जुनी आहे. नारायण विनायक विरकर (१८९०–१९६८) ह्या मुंबईच्या छायाचित्रकाराने १९१९ च्या हत्याकांडानंतर अमृतसरला जाऊन जालियनवाला बागेची छायाचित्रे घेतली. घटना तेव्हा संपून गेली होती. उरली होती ती गोळ्यांच्या खुणा असलेली भिंत आणि त्या खुणांकडे बोट दाखविणारी माणसे. नाहीशा झालेल्या घटनेविषयी साक्ष देणारा माणूसच येथे चित्राचा विषय झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

परंतु अशांत रस्त्याचे सविस्तर चित्र हवे असेल तर १९३०–३१ च्या सविनय कायदेभंगाकडे वळावे लागते. ह्या काळातील मुंबईच्या दोनशेहून अधिक छायाचित्रांचा एक संग्रह अल्काझी प्रतिष्ठानकडे आहे. जुन्या काँग्रेस पक्षाच्या छायाचित्रांचा संग्रह अशा आशयाचा मथळा आणि के. एल. नर्सी हे नाव एवढीच ओळख त्याच्यावर आहे. छायाचित्रकार अज्ञात आहेत. चित्रांखालील टंकलिखित मजकुरात शुद्धलेखनाच्या आणि तपशिलाच्याही चुका आहेत. अवराती भटनागर आणि सुमती रामस्वामी ह्या अभ्यासकांनी ह्या संग्रहाचा पुन्हा शोध घेतला आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यावर आधारलेले प्रदर्शन भरले.

ह्या चित्रांचा हेतू उघडच घटनेची नोंद करण्याचा होता. मिरवणुका, परदेशी कापडाची होळी, मिठाची तयारी, पोलिसांच्या लाठ्या हे त्यांचे विषय होत. तरीही घटनेपलीकडचे पुष्कळ काही त्यांत उतरले आहे, आणि त्यात स्त्रियांचे दर्शन प्रमुख आहे. एप्रिल १९३० मध्ये कमलादेवी चट्टोपाध्याय, अवंतिकाबाई गोखले प्रभृतींनी चौपाटीवर मिठाचा कायदा मोडला, हे इतिहासग्रंथांतून वाचावयास मिळते. परंतु ज्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत अशा स्त्रिया पाण्याची भांडी घेऊन समुद्राकडून येताना दिसतात तेव्हा कळते ते निराळेच असते. पाणी आणणे ही त्यांची रोजची घरकामाची क्रिया होती. त्याच हातांनी, त्याच प्रकारच्या भांड्यांतून, परंतु नळाऐवजी समुद्रावरून पाणी आणले की तो गुन्हा होत होता. घर आणि रस्ता ह्यांमधील अंतर किती थोडे होते आणि तरीही किती मोठे होते, हे एका भांड्यावरून उमगते.

येथे अमेरिकेच्या चित्रांशी असलेला फरक स्पष्ट होतो. होबोकनच्या त्या दोन स्त्रिया खिडकीतच राहतात. ध्वज त्यांना मिरवणुकीशी जोडण्याऐवजी त्यांच्यावर पडदा टाकतो. मुंबईच्या ह्या चित्रांतील रेषा पदपथाच्या कडेची आहे. जो घटकेपूर्वी बघ्या होता तो कडेवरून खाली उतरला की सत्याग्रही ठरतो आणि लाठीचा मार खाण्यास पात्र होतो. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या मालमोटारीखाली प्राण देणारा बाबू गेनू हा पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळचा एक गिरणी कामगार होता. पदपथाची ती कड ओलांडण्याचे मोल काय असू शकते हे त्याच्या मृत्यूने दाखवून दिले. १९३० च्या मुंबईचे व्यक्तिचित्र म्हणजे ही ओलांडता येणारी, परंतु धोक्याची रेषा होय.

४

मात्र येथेच थांबल्यास समीक्षा अपुरी राहील. ओलांडता येणारी रेषा ही त्या काळातील महाराष्ट्राची एकमेव रेषा नव्हती. ज्या महिन्यांत मुंबईत मिठाचा सत्याग्रह चालू होता त्याच महिन्यांत नाशिकला दुसरा सत्याग्रह चालू होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरात प्रवेशासाठी अस्पृश्यांचा लढा सुरू झाला, आणि ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या प्रसंगी सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. तोही रस्ताच होता, तीही मिरवणूकच होती. फरक इतकाच की ह्या रस्त्याच्या टोकाचा दरवाजा परक्या सरकारने नव्हे, तर स्वकीयांनी बंद केला होता, आणि अनेक वर्षे लढूनही तो त्या लढ्यात उघडला नाही.

काँग्रेस पक्षाच्या म्हणून जमविलेल्या संग्रहात नाशिकचा हा रस्ता येण्याचे कारण नव्हते, आणि त्याबद्दल त्या अज्ञात छायाचित्रकारांना दोष देणे उचित नाही. परंतु त्या संग्रहाला १९३० च्या समाजाचे व्यक्तिचित्र म्हणताना ही मर्यादा सांगितलीच पाहिजे. चौकटीची कड जशी प्रत्येक चित्राला असते तशी ती संग्रहालाही असते. कोण उपस्थित आहे ह्याइतकेच, कोणाला उपस्थित राहण्यासाठी जागाच नव्हती, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. बहिष्कृतपण आणि तुटलेपण ह्यांच्यावर रोखलेली ही दृष्टी मूळची पाश्चात्य असून ती भारतीय रस्त्याला लावणे अन्यायाचे आहे, असे म्हणता येईल. रघुबीर सिंह (१९४२–१९९९) ह्या श्रेष्ठ छायाचित्रकाराची भूमिका काहीशी अशीच होती. पाश्चात्य आधुनिक कलेतील परात्मता आणि अपराधभाव भारतीय दृष्टीला मानवत नाहीत, आणि रंग हा भारतीय जीवनाचा केवळ अलंकार नसून त्याचा अंगभूत धर्म आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मुंबईवरील पुस्तकात ह्या भूमिकेचे सामर्थ्य दिसते. काच, आरसे, गर्दी आणि रंग ह्यांच्या गुंतागुंतीतून एकमेकांत शिरलेली अनेक मुंबई शहरे त्यांनी एका चौकटीत आणली. फ्रँकच्या काळ्या-पांढऱ्या उदासीचे अनुकरण करण्याचे त्यांनी नाकारले, आणि ते योग्यच केले.

तथापि हा आक्षेप संपूर्णपणे मान्य करता येत नाही, आणि त्याचे उत्तर एका मराठी छायाचित्रकाराच्या कामात सापडते. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे ह्यांनी मुंबईत वृत्तपत्रीय छायाचित्रकार म्हणून काम करीत असता महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या जीवनाची कृष्णधवल छायाचित्रे अनेक वर्षे घेतली. २०१६ साली त्यांना पद्मश्री किताब मिळाला. हे कामगार बहुतांशी दलित समाजातील आहेत. ओलवे ह्यांची चित्रे रस्त्यावरचीच आहेत, परंतु ती रस्त्याच्या पृष्ठभागावर थांबत नाहीत. ती मॅनहोलच्या तोंडाशी आणि त्याच्या आत जातात. रघुबीर सिंहांच्या चित्रांत ज्या रस्त्यावर रंगांची दाटी आहे त्याच रस्त्याखाली कमरेइतक्या घाणीत उभा असलेला माणूस येथे दिसतो. त्याचे तुटलेपण हे पाश्चात्य तत्त्वज्ञानातून उसने आणलेले नाही. ते जातीने दिलेले आहे आणि त्याचा पत्ता मुंबईचाच आहे. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करण्यासाठी संसदेला २०१३ साली नवा कायदा करावा लागला, ह्यावरून त्या चित्रांतील अशांतता किती जुनी आणि किती निमूट होती हे ध्यानात येईल.

ओलवे ह्यांच्या कामाने अशांत काळ ह्या शब्दप्रयोगाचा अर्थच विस्तारला आहे. मोर्चा निघतो तेवढाच काळ अशांत, ही समजूत घटनेच्या छायाचित्राने रुजविली. ज्यांच्या वाट्याला शांत काळ कधी आलाच नाही त्यांचे चित्र काढावयाचे तर छायाचित्रकाराला घटनेची वाट पाहण्याचे कारण नसते. न्यू ऑर्लिअन्सच्या ट्रामची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. तेथेही काही घडत नव्हते. जे रोजचे होते तेच असह्य होते. दोन समाज, दोन कालखंड आणि दोन भिन्न स्वभावांचे छायाचित्रकार ह्यांमध्ये साम्य आढळते ते हेच, आणि ते अनुकरणातून आलेले नसून वस्तुस्थितीच्या सादृश्यातून आलेले आहे.

५

ह्या विवेचनानंतर राधानगरीच्या त्या वार्षिक छायाचित्राकडे पुन्हा वळता येईल. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत काम सुरू झालेले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेलेले हे धरण कोल्हापूरच्या इतिहासात दूरदृष्टीचे प्रतीक मानले जाते, आणि ते रास्तच आहे. दाजीपूरच्या अभयारण्यामुळे गव्यांची छायाचित्रेही ह्या परिसरातून पुष्कळ प्रसिद्ध होतात. परिणामी पाणी, भिंत आणि गवा ह्या तीन गोष्टींनी राधानगरीची दृश्य ओळख जवळजवळ व्यापून टाकली आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर शहर व नदीकाठची गावे पाण्याखाली गेली तेव्हा छायाचित्रांचा पूरही आला. हातोहाती भ्रमणध्वनी असल्यामुळे प्रत्येक बघ्या छायाचित्रकार झाला. विनोग्रँडने जी अवस्था ध्वनिक्षेपकांच्या गर्दीत पाहिली होती तिचा हा पुढचा टप्पा होय. तरीही त्या असंख्य चित्रांत विषय एकच होता: पाणी किती चढले.

अशा प्रसंगी रेषा कोठे आहे हा प्रश्न विचारला पाहिजे. धरणाजवळ पाणी पाहण्यास जो उभा आहे त्याची शेती भोगावतीच्या खालच्या अंगाला आहे की तो सहलीस आलेला आहे? उघडलेला दरवाजा एकाच्या दृष्टीने देखावा असतो आणि दुसऱ्याच्या दृष्टीने रात्र जागून काढण्याचे कारण. दोघे एकाच कठड्याला टेकून उभे असतील. कठड्यावरचे त्यांचे हात, त्यांच्या चेहऱ्यांमधील फरक, मागे थांबलेल्या वाहनांतील घाई हे सर्व ज्या चित्रात येईल ते राधानगरीचे, आणि काही अंशी कोल्हापूर जिल्ह्याचे, व्यक्तिचित्र ठरेल. त्यासाठी छायाचित्रकाराला दरवाजांकडे पाठ करावी लागेल. होबोकनला फ्रँकने मिरवणुकीकडे केली तशी.

मराठीत साहित्यातील वास्तवदर्शनाची चर्चा विपुल झाली. छायाचित्राला मात्र पुष्कळदा पुस्तकातील मजकुराची सोबत करणारे चित्र एवढेच स्थान मिळत आले. नर्सी ह्यांच्या नावाचा संग्रह दाखवितो की छायाचित्र हा स्वतंत्रपणे वाचण्याचा ग्रंथ आहे, आणि त्याखालील मजकूर चुकीचा असला तरी चित्र स्वतःची साक्ष देऊ शकते. मात्र ती साक्ष ऐकण्यासाठी चित्राच्या मध्यभागावरून दृष्टी कडेकडे न्यावी लागते. तेथे उभा असलेला माणूस कोण, तो पुढे का आला नाही, की त्याला येऊ दिले नाही, आणि जो कडेलाही नाही तो कोठे आहे, ह्या प्रश्नांना ज्या संग्रहात उत्तरे मिळतात तोच एखाद्या काळाचा खरा सामाजिक दस्तऐवज होय. गावोगावच्या छायाचित्रगृहांत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आणि घरांतील पेट्यांत पडून असलेली जुनी छायाचित्रे ह्या दृष्टीने पाहिली गेली, तर महाराष्ट्राच्या अलीकडच्या शंभर वर्षांच्या इतिहासाला त्याच्या नायकांबरोबर त्याचे बघेही लाभतील.